सरकारी नोटीस सगळ्यांना का वाचता येत नाही? शुद्धलेखन, कॅपिटल अक्षरं आणि योग्य शब्दांमागचं टेक्निकल कारण

मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. त्याला दिसत नाही. फोन तो टॉकबॅक लावून वापरतो. स्क्रीनवर बोट फिरवलं की फोन तिथला मजकूर मोठ्याने वाचतो. दादाने त्याचा स्पीड इतका वाढवून ठेवलाय की मला त्यातलं एक वाक्य धड कळत नाही.

"अरे, तुला एक पीडीएफ पाठवलीय. भरतीची नोटीस आहे म्हणतात. माझा फोन त्यात काय बडबडतोय बघ जरा."

मी फाईल उघडली. मला सगळं स्वच्छ मराठीत दिसत होतं. पदाचं नाव, पात्रता, शेवटची तारीख. दिव्यांग उमेदवारांसाठी किती जागा राखीव आहेत, तेही वेगळ्या ठळक चौकटीत. मग मी माझ्या फोनवर टॉकबॅक सुरू केलं, आणि फोन इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांची खिचडी वाचायला लागला. एकही मराठी शब्द नाही.

शेवटची तारीख मंगळवार होती. म्हणजे हातात दोन दिवस. नोटीस त्याच्याकडे दहा दिवसांपासून पडून होती.

दादा म्हणाला, "माझ्यासाठी जागा राखून ठेवल्यात, आणि ते मलाच वाचता येत नाही."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲप आणि वेबसाईटवरचे फॉर्म बनवणं हेच माझं रोजचं काम. तरी त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की सरकारी लेखनातलं शुद्धलेखन, कुठलं अक्षर कॅपिटल, कोणाला काय म्हणायचं, हे सगळं भाषेच्या प्राध्यापकांचं काम. आपला काय संबंध? पण संबंध थेट आहे. या लेखात तोच समजून घेऊ.

स्टाईल गाईड म्हणजे काय?

तुम्ही कोडिंग शिकत असाल तर हे पटकन कळेल. एका प्रोजेक्टवर दहा जण काम करत असतील तर व्हेरिएबलचं नाव कसं द्यायचं, स्पेस किती सोडायची, याचे नियम आधी ठरवतात. नाहीतर प्रत्येकाचं कोड वेगळं दिसतं आणि चुका शोधताना डोकं फिरतं. लेखनासाठी अशीच नियमांची यादी केली की तिला स्टाईल गाईड म्हणतात.

सरकारं हे काम फार आधीपासून करतात. अमेरिकेच्या सरकारी छापखान्याचं स्टाईल मॅन्युअल पहिल्यांदा १८९४ मध्ये निघालं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९६६ मध्ये आपलं मॅन्युअल पुस्तक म्हणून छापलं, आणि २०२० पासून ते वेबसाईटवर आहे. ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ मध्ये सरकारी माहितीसाठी गव्ह डॉट यूके ही एकच वेबसाईट सुरू केली. तिच्या स्टाईल गाईडमध्ये शब्दांची ए टू झेड यादी आहे आणि ती कुणालाही वाचता येते.

आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम महाराष्ट्र सरकारने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यात आणखी ४ जोडले. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क ज्या नियमांमुळे गेले, ते हेच. पुढे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला, अक्षरांची वळणं आणि अंक यांचं प्रमाण रूप ठरवलं.

म्हणजे नियम आहेत. आता ते मोबाईलवर कुठे कामाला येतात आणि कुठे अडकतात, ते एकेक करून बघू.

१. स्पेलिंग: माणसाला चालतं, मशीनला नाही

नियमांत एक साधी गोष्ट आहे. गावाच्या नावात शेवटी "पूर" असेल तर तो दीर्घ लिहायचा. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर. हिंदीत मात्र "नागपुर" लिहितात. दोन्ही आपापल्या भाषेत बरोबर. तुम्ही बस स्टँडवर उभे असाल तर पाटीवर कुठलाही उकार असला तरी तुम्ही गाडीत बसालच.

पण समजा एका यादीत जिल्ह्याचं नाव मराठीतून आलंय आणि दुसरीत हिंदीतून. कॉम्प्युटरला दोन्ही जुळवायला सांगितलं तर त्याच्यासाठी हे दोन वेगळे जिल्हे आहेत. एक उकार वेगळा म्हणजे शब्दच वेगळा. त्याला "अहो, तेच ते" हे कळत नाही, कुणीतरी ते कोडमध्ये लिहावं लागतं.

आता त्याहून गमतीची गोष्ट. खालचे दोन शब्द बघा.

शेतकऱ्यांना
शेतकर्‍यांना

बहुतेक फोनवर दोन्ही सारखेच दिसतील. आतून ते वेगळे आहेत. पहिल्या शब्दात "ऱ" हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याचा युनिकोड क्रमांक ०९३१. दुसऱ्यात साधा "र" आहे, त्याला हलन्त जोडलाय, आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आहे. कुठलं रूप उमटणार हे तुमचा कीबोर्ड ठरवतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

हीच गत "ॲप" आणि "अॅप" यांची. पहिल्यात "ॲ" हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यात "अ" वर वेगळी चंद्रकोर ठेवलेली आहे.

काही सर्च इंजिनं आणि ब्राउझर हा फरक सांभाळून घेतात. पण साध्या डेटाबेसमध्ये किंवा एखाद्या वेबसाईटच्या आतल्या सर्चमध्ये अक्षरं जशीच्या तशी जुळवली जातात, आणि तिथे उत्तर येतं "शून्य निकाल". योजना वेबसाईटवर असते, शेतकरी शोधत असतो, आणि मध्ये एक अदृश्य चिन्ह आडवं येतं. योजनेच्या नावात हा "ऱ्या" नेहमी येतो हेही लक्षात घ्या. शेतकऱ्यांसाठी, विद्यार्थ्यांच्या घरापासून दुसऱ्या गावी, कर्मचाऱ्यांना, निवृत्त अधिकाऱ्यांना... सरकारी मराठीचं पान त्याच्याशिवाय भरतच नाही.

म्हणून "पसंतीचं स्पेलिंग" ठरवणं म्हणजे कुणाची भाषा चुकीची ठरवणं नव्हे. सगळ्यांनी एकच रूप वापरलं तर शोधणाऱ्याला सापडतं, एवढा व्यवहारी हेतू त्यामागे आहे.

मग दादाच्या पीडीएफमध्ये काय झालं होतं?

तो या सगळ्याचा थोरला भाऊ. युनिकोड सगळीकडे पोहोचायच्या आधी मराठी टाईप करायला एक जुगाड होता. फाईलमध्ये अक्षरं इंग्रजीच साठवायची, फक्त फॉन्ट असा बनवायचा की त्या इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार दिसेल. म्हणजे आत एखादं इंग्रजी अक्षर आणि वर मुखवटा "क" चा. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे फॉन्ट तुम्ही डीटीपीच्या दुकानात ऐकले असतील. छापण्यासाठी ते उत्तम चालले. हजारो लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक त्यावर निघाले.

पण टॉकबॅक मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. गुगलही तेच करतो. तुम्ही असा मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की जी इंग्रजी कचरापट्टी दिसते, तेच त्या फाईलचं खरं रूप.

केंद्र सरकारने २००९ मध्येच भारतीय भाषांसाठी युनिकोड हे मानक ठरवलं. त्याच वर्षी सरकारी वेबसाईट सर्वांना वापरता याव्यात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वंही आली. तरी जुन्या फॉन्टमधली पत्रकं अजून फिरतात, कारण टेबलावरच्या कॉम्प्युटरवर जुना साचा आहे आणि प्रिंट छान येते. दुसरा प्रकार म्हणजे कागदावर प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, आणि स्कॅन करून टाकायचं. तो तर नुसता फोटो. त्यात वाचायला अक्षरंच नसतात.

२. कॅपिटल अक्षरं: मान देण्यासाठी की कळण्यासाठी?

इंग्रजीत सरकारी पत्रं बघितलीत का? अर्धं पत्र कॅपिटलमध्ये असतं. सूचना महत्त्वाची आहे म्हणून आख्खा परिच्छेद मोठ्या अक्षरांत. पद मोठं आहे म्हणून पदाचं नाव मोठ्या अक्षराने. एकूण काय, कॅपिटल म्हणजे नमस्कार.

गव्ह डॉट यूकेने इथे उलट नियम केला. शीर्षकातसुद्धा फक्त पहिला शब्द कॅपिटल, बाकी साधी अक्षरं. "गव्हर्नमेंट" हा शब्द लहान जी ने, म्हणजे सरकारने स्वतःलाच लहान अक्षरात बसवलं. मंत्री हा शब्द सर्वसाधारण अर्थाने आला तर तोही लहान. विभागाचं पूर्ण नाव किंवा माणसाच्या नावाला जोडून आलेलं पद असेल तर मात्र कॅपिटल. आणि मोठा मजकूर सगळा कॅपिटलमध्ये लिहूच नका, कारण तो वाचायला जड जातो.

कॅपिटल अक्षराला इंग्रजीत खरं एक काम असतं: हे विशेषनाम आहे, असं सांगणं. "पोलिश" या स्पेलिंगला पी मोठा असेल तर पोलंडचा माणूस, लहान असेल तर बुटाचं पॉलिश. "मे" मोठ्या एम ने लिहिला तर महिना, लहानाने लिहिला तर "कदाचित". सगळंच कॅपिटल केलं की ही खूण पुसली जाते. शिवाय काही स्क्रीन रीडर सगळा कॅपिटल असलेला शब्द म्हणजे लघुरूप समजतात आणि एकेक अक्षर सुटं वाचतात.

"पण मराठीत कॅपिटल कुठे असतं?" बरोबर, नसतं. म्हणूनच आपली अडचण वेगळी आहे. "अर्जासोबत आधार जोडा" असं लिहिलं तर ओळखपत्र जोडायचं की म्हणण्याला पुरावा? "आशा घरी आल्या" यातल्या आशा म्हणजे शेजारच्या काकू की आरोग्य सेविका? इंग्रजीत कॅपिटल हे काम करतं, मराठीत ते जोडशब्दाला करावं लागतं. आधार कार्ड, आशा सेविका. एक शब्द वाढतो, पण घोळ संपतो.

लघुरूपांचंही तसंच. गावात "एसटी" म्हटलं की लाल बस. सवलतीच्या फॉर्मवर "एसटी" म्हटलं की अनुसूचित जमाती. एसटी पासच्या फॉर्मवर "एसटी आहे का?" असा रकाना आला तर माणसाने काय टिक करायचं? पहिल्यांदा पूर्ण शब्द लिहा, मग लघुरूप.

ब्रिटनच्या गाईडने इंग्रजीतली "उदाहरणार्थ" आणि "म्हणजे" यांची लॅटिन लघुरूपंही टाळायला सांगितलीत, कारण काही वाचक सॉफ्टवेअर ती चुकीची वाचतात. आपल्याकडे "दि.", "क्र.", "उदा.", "मा." आहेतच. माझ्या फोनवर टॉकबॅकने "मा. अध्यक्ष" वाचलं तेव्हा मला आधी वाटलं अध्यक्षांच्या मातोश्री.

३. सर्वांना सामावणारे शब्द: इथे फॉर्मचे रकाने बदलतात

हा भाग सगळ्यात नाजूक, आणि माझी स्वतःची चूकही इथलीच.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका सेवेसाठी नोंदणीचा फॉर्म बनवला. नावाचे तीन रकाने: नाव, वडिलांचे/पतीचे नाव, आडनाव. तिन्ही सक्तीचे. कोड मीच लिहिला होता. मराठी माणसाचं नाव असंच असतं, यात विचार काय करायचा?

काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी डेटा तपासत होतो. मधल्या रकान्यात कुणी नुसतं टिंब टाकलं होतं. कुणी "एनए". कुणी स्वतःचंच नाव पुन्हा. एकीने लिहिलं होतं, "नाही". सिस्टीमला तो शब्द एक नाव म्हणून मान्य झाला होता. नंतर तिला जे पत्र गेलं असेल, त्यावर तिच्या नावाच्या मध्यभागी "नाही" छापलेलं असणार.

त्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या फॉर्ममध्ये तिच्यासारख्या माणसाला जागा नव्हती, म्हणून तिने आहे त्या जागेत उत्तर बसवलं.

गंमत म्हणजे कायदा आणि नियम माझ्या कोडच्या पुढे गेले होते. पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. पॅन कार्डच्या अर्जात एकल पालक आई असेल तर डिसेंबर २०१८ पासून वडिलांचं नाव सक्तीचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर ओळख दिली, आणि २०१८ मध्ये पॅनच्या अर्जात त्यांच्यासाठी वेगळा पर्याय आला. आणि महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांवर या क्रमाने लिहायचं: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

हा शेवटचा निर्णय इंजिनिअरच्या नजरेने बघा. तीन रकान्यांचा साचा चार रकान्यांचा झाला. तीन रकाने गृहीत धरून बनवलेली शाळाप्रवेशाची, दवाखान्याची, शिष्यवृत्तीची सॉफ्टवेअर आता आईचं नाव कुठे ठेवणार? शब्द बदलला की फॉर्म बदलतो, फॉर्म बदलला की डेटाबेस बदलतो. आणि डेटाबेस बदलला नाही, तर शब्द फक्त जीआरवर राहतो.

मराठीची आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीत एवढी येत नाही. आपली क्रियापदं लिंगाप्रमाणे बदलतात. इंग्रजीत "तो" ऐवजी "दे" लिहून काम भागतं. मराठी ॲपमध्ये "तुम्ही यशस्वीरीत्या लॉग इन झाला आहात" असं लिहिलं की आपण समोर पुरुष गृहीत धरला. त्यावर एक सोपा उपाय आहे: वाक्याचा कर्ता बदला. "तुमची नोंदणी झाली." इथे स्त्रीलिंगी आहे ती नोंदणी, माणूस कुणीही असू दे. "अर्जदाराने त्याचे नाव लिहावे" ऐवजी "आपले नाव लिहा". वाक्य छोटं होतं, कुणी बाहेर राहत नाही, आणि भाषा ओढूनताणून केल्यासारखी वाटत नाही.

कोणता शब्द बरोबर, हे कोण ठरवणार?

शब्दांवरून वाद होतात, आणि व्हायलाच हवेत. अमेरिकेने २०१० मध्ये "रोझाज लॉ" नावाचा कायदा करून केंद्रीय कायद्यांतला "मतिमंद" या अर्थाचा जुना शब्द काढला आणि त्या जागी "बौद्धिक अक्षमता" असा अर्थ देणारा शब्द घातला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये एक पुस्तिका काढली आणि बायकांबद्दलचे साचेबद्ध शब्द निकालपत्रांत का टाळावेत, त्याऐवजी काय लिहावं, हे सांगितलं. छेडछाडीसाठीचा "ईव्ह टीझिंग" हा शब्द त्यात आहे. गुन्ह्याला मस्करी म्हणणारा शब्द, म्हणून तो नको.

अपंगत्वाबद्दल मात्र देशोदेशी एकमत नाही. भारताच्या २०१६ च्या कायद्यात इंग्रजीत "अपंगत्व असलेल्या व्यक्ती" अशी रचना आहे, म्हणजे माणूस आधी. ब्रिटनचं सरकार "अपंग लोक" असंच लिहायला सांगतं, पण लोकांना वगळून नुसतं "अपंग" म्हणू नका, आणि "व्हीलचेअरला खिळलेला" असं न लिहिता "व्हीलचेअर वापरणारा" असं लिहा, असंही सांगतं. आपल्याकडे २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी "दिव्यांग" हा शब्द सुचवला. आज महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाच्या नावातच तो आहे. काही जणांना त्यात सन्मान वाटतो. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या काही संघटनांनी त्याला उघड विरोधही केला. आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला हक्क हवेत, असं त्यांचं म्हणणं.

मी दादाला विचारलं, तुला कुठला शब्द बरा वाटतो?

तो म्हणाला, "आंधळा म्हणून हाक मारलेली आवडत नाही, हे खरं. दृष्टिहीन चालेल, दिव्यांग पण चालेल. पण तू शब्द माझ्यासाठी बदललास ना? मग फाईलही माझ्यासाठी बदल. नाहीतर तो शब्द बाकीच्यांनी वाचून खूश व्हायचा आहे."

माझ्या मते या विषयाचं सार एवढंच. शुद्धलेखन, कॅपिटल आणि सन्मानाचे शब्द या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. मजकूर सापडला पाहिजे, कळला पाहिजे, आणि त्यात आपल्याला जागा असली पाहिजे. यातलं एक जरी निसटलं तरी माणूस बाहेरच राहतो. दादाच्या नोटिशीत शब्द आदराचा होता, जागा राखीव होती, आणि फाईल बंद दारासारखी होती.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही सरकारी नोकरीत नसाल. पण कॉलेजच्या ग्रुपवर नोटीस टाकता, सोसायटीचं पत्रक बनवता, गणेश मंडळाच्या वर्गणीचा ऑनलाईन फॉर्म करता. तिथून सुरुवात करा.

• युनिकोडमध्येच टाईप करा. फोनचा मराठी कीबोर्ड युनिकोडच वापरतो. डीटीपीवाल्याकडून फाईल आली तर त्यातला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करून बघा. मराठी दिसलं तर बहुतेक काम झालं, इंग्रजी कचरा दिसला तर फाईल परत पाठवा.

• फोटो टाकलात तर खाली मजकूरही टाका. निदान तारीख, वेळ, ठिकाण आणि फोन नंबर.

• तारीख शब्दांत लिहा. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे? "५ जून" लिहिलं की प्रश्नच मिटतो. "५ ते ८ जून" असं लिहा, मध्ये नुसती रेघ नको.

• एका गोष्टीला एकच नाव ठेवा. वर "नोंदणी", मध्ये "रजिस्ट्रेशन", खाली "नावनिशी" असं नको. लोकांना तीन वेगळी कामं वाटतात.

• प्रत्येक सक्तीच्या रकान्यावर थांबा. ही माहिती खरंच लागते का? नसेल तर सक्ती काढा. लागत असेल, तर जिच्याकडे ती नाही तिने काय लिहायचं, याचा पर्याय द्या.

• शेवटी कानाने तपासा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असतं, आयफोनवर व्हॉइसओव्हर. सुरू करण्याआधी ते बंद कसं करायचं हे वाचून घ्या, कारण सुरू झाल्यावर फोनला स्पर्श करायची पद्धतच बदलते. मग डोळे मिटून तुमची नोटीस ऐका. एक मिनिट पुरतं.

आणि एखाद्या सरकारी पानावर वाचता न येणारी फाईल दिसली तर तिथल्या अभिप्रायाच्या पानावर किंवा ईमेलवर दोन ओळी कळवा: कुठलं पान, कुठली फाईल, काय वाचलं जात नाही. "तुमची वेबसाईट बेकार आहे" यावर कुणी काही करू शकत नाही. "या फाईलमध्ये जुना फॉन्ट आहे, युनिकोडमध्ये टाका" यावर करता येतं.

त्या रविवारी मी दादाची नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत युनिकोडमध्ये टाईप केली. सहा पानं, अडीच तास. दुपारी पाठवली. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतः अर्ज भरला. मी भरून देतो म्हटलं होतं, तो नाही म्हणाला. रात्री मेसेज आला: "भरला. पान चारवर तू 'पात्रता'चं 'पत्रता' केलंयस. माझा फोन तसंच वाचतो, म्हणून कळलं."

मी लगेच दुरुस्त केलं.